पायाचा ब्रेक

भिंतीवर लाल उजेड पडला, तेव्हा तो कुठून आला हे शोभनाला लगेच कळलंच नाही. दर शनिवारी सकाळी ती बेसमेंटमध्ये उतरायची, नवऱ्याच्या, सुजीतच्या बाइकवरचं कव्हर काढायची, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायची आणि परत वर यायची. वॉचमन ओवेसनं सांगितलं होतं, "भाभी, गाडी खडी रहेगी तो बॅटरी खलास. हफ्ते में एक बार स्टार्ट कर दिया करो." अपघातानंतर मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत तिला एवढाच पटला होता, कारण त्यात सहानुभूती नव्हती. आज हँडल धरताना हात घसरला, उजवीकडचा लिव्हर बोटांत आला, आवळला गेला, आणि मागची पिवळट भिंत एकदम लाल झाली. तिनं बोटं सोडली. भिंत फिकी पडली. परत आवळली. परत लाल. असं तिनं कितीदा तरी केलं. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, दुबईतल्या अल कुसैसच्या उकाड्यानं बाईचं डोकं फिरलं, आणि तेही ऐन जानेवारीत.

म्हणजे ब्रेकलाइट लागत होता. म्हणजे सुजीतचा मित्र उपेंद्र खोटं बोलला होता. हे तिनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि तिला इतकं बरं वाटलं की ती तिथेच, तेलाचे डाग पडलेल्या जमिनीवर, फतकल मारून बसली. नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी बाइकवाल्यांचा ग्रुप उम्म अल कुवैनला निघाला होता. खाडीकाठी बसून पराठे खायचे आणि परत यायचं, एवढाच यांचा पराक्रम. पण त्यासाठी पन्नाशीला टेकलेले मराठी बाप्ये काळी जाकिटं चढवून अशा थाटात निघायचे, की जणू मोहिमेवरच चाललेत. सुजीत पुढे होता, उपेंद्र त्याच्या मागे. वळणाआधी रस्त्यावर वाळू आली होती. सुजीतनं वेग कमी केला, उपेंद्रनं केला नाही. अगदी शेवटी त्यानं बाइक बाजूला काढली, पण हँडलचा फटका बसलाच आणि सुजीत बाइकसकट डाव्या अंगावर आपटला. डावा आरसा फुटला. सुजीतची डावी मांडी मोडली. मागचा दिवा मात्र शाबूत राहिला, कारण धडक मागून लागलीच नव्हती. आणि हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये हेल्मेट छातीशी धरून उपेंद्र तिला म्हणाला होता, "वहिनी, लाइट लागलाच नाही हो. आईशप्पथ. लाइट लागला असता तर मी थांबलो नसतो का?"

तेव्हा तिनं मान हलवली होती. माणूस जिवंत आहे एवढ्यावर ती खूश होती त्या दिवशी. राग नंतर आला, आणि आला तो राहायलाच आला. कारण उपेंद्र ते एकदा बोलून थांबला नाही. ग्रुपवर लिहिलं, मंडळाच्या कार्यक्रमात सांगितलं, सुजीतला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला लिफ्टपर्यंत सोडायला जाऊन सांगितलं. "गाडीला मेंटेनन्स लागतो यार. सुजीत इतका मेटिक्युलस माणूस, पण..." हा 'पण' आता शोभनाला रस्तोरस्ती भेटायचा. भाजीच्या दुकानात कुणीतरी हळहळायचं आणि शेवटी म्हणायचं, पण गाडी चेक करून घ्यायला हवी होती ना हो. वीस वर्षं ज्या माणसानं साइटवर एकाही मजुराला हेल्मेटशिवाय मचाणावर चढू दिलं नाही, तो आता सगळ्या दुबईतल्या मराठी माणसांत हलगर्जी ठरला होता. मांडीत रॉड घालून तो हॉलमध्ये बसायचा. साइट दुसऱ्याच्या हातात गेली होती. पाय किंचित आखूड राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि हा उपेंद्र! देरा भागातल्या एका खोलीत तो आणि सुजीत बॅचलर म्हणून राहिले. शोभना लग्न होऊन आली तेव्हापासून त्याचं स्वतःचं लग्न होईपर्यंत तो तिच्या हातच्या पोळ्या खाऊन वाढला, आणि आता तिच्याच नवऱ्याच्या नावानं बोटं मोडून स्वतः सुटला.

सुजीतला तिनं विचारलं होतं. तो म्हणाला, "होता बंद. जाऊ दे ना आता." पण सुजीतच्या बोलण्याला काय अर्थ होता? हॉटेलात भलताच पदार्थ पुढ्यात आला तरी वेटरला वाईट वाटेल म्हणून मुकाट खाणारा माणूस. भांडण नको म्हणून यानं आजवर काय काय स्वतःवर घेतलं, त्याचा हिशेब शोभनानं ठेवला होता. त्यानं ठेवला नव्हता, म्हणून तिलाच ठेवावा लागला. तिला पोलीस नको होते, भरपाई नको होती. उपेंद्रनं स्वतःच्या तोंडानं, त्याच्या बायकोदेखत, सुजीतच्या समोर म्हणायला हवं होतं की चूक माझी. कांदा चिरताना, लेकीचा, ईश्वरीचा युनिफॉर्म इस्त्री करताना, ती हा प्रसंग डोळ्यांपुढे आणायची. कधी तो त्यात हात जोडायचा, कधी कान धरायचा. एकदा तर तिनं त्याला पायांवर लोळण घ्यायला लावली होती आणि मग दूध उतू गेलं होतं. उद्या संक्रांत होती, रविवारच आला होता, आणि दरवर्षीसारखे उपेंद्र आणि त्याची बायको मिहिका तिळगूळ घेऊन येणार होते. येऊ देत. ती त्यांना खाली घेऊन येणार होती. लिव्हर आवळणार होती आणि म्हणणार होती, बघा बरं भिंतीकडे.

उठताना तिनं आधारासाठी सीटवर हात टेकला, आणि त्या स्पर्शाबरोबर तिला सुजीतच्या मागे बसणं आठवलं. नवी बाइक घेतली तेव्हा सुरुवातीला तो तिला जुमेराच्या किनाऱ्यापर्यंत न्यायचा. ईश्वरी सासूबाईंपाशी असायची, त्या तेव्हा सहा महिने येऊन राहिल्या होत्या. इतर बायका सांगायच्या की नवऱ्यानं ब्रेक मारला की आमचं डोकं त्यांच्या हेल्मेटवर आपटतं. शोभनाचं कधी आपटलं नाही. सुजीत ब्रेक मारायचा तेव्हा गाडी पुढे वाकत नसे, मागच्या मागे खाली बसायची, कमरेतून हळूच. तो हातानं ब्रेक मारतच नसे. कोल्हापूरला त्याच्या वडिलांच्या जुन्या गाडीचा पुढचा ब्रेक कायमचा गेलेला होता. तिच्यावरच तो शिकला, आणि तेव्हापासून त्याचा उजवा पाय तेवढा जागा असायचा. उपेंद्र त्याला चिडवायचा, "अरे इतकी महागडी गाडी, आणि चालवतोस दूधवाल्यासारखी." ती खाली वाकली. इंजिन अजून चालू होतं. उजव्या बाजूचं ब्रेकचं पेडल तिनं आधी हातानं दाबलं, मग चपलेनं, मग सगळा भार देऊन. भिंत होती तशीच फिकी राहिली.

तिनं बाइक बंद केली आणि पुन्हा चालू केली, जणू मघाशी पेडल बेसावध होतं. लिव्हर आवळला, भिंत लाल. पेडल दाबलं, काही नाही. तिचं डोकं एकदम थंड झालं. लग्नाआधी ती भोसरीच्या एका कारखान्यात टेलिफोनच्या सर्किटांची तपासणी करायची. डिप्लोमाला पहिल्या वर्गात आलेली मुलगी, लांबलचक टेबलाशी बसून सदोष बोर्डं वेगळी काढणारी. तिथल्या सुपरवायझर बाई म्हणायच्या, जिथे संशय आहे तिथून सुरू करू नका, जिथून वीज येते तिथून करा. हातानं दिवा लागतो, म्हणजे बल्ब चांगला, मागपर्यंतची वायर चांगली. हॉर्न वाजवून पाहिला. हॉर्नचा आणि दिव्याचा फ्यूज एकच, असं गाडीच्या पुस्तिकेत होतं. हॉर्न असा घुमला की ओवेस खोलीतून धावत आला. "भाभी, सब ठीक?" "सब ठीक," ती म्हणाली, आणि तो जाईपर्यंत हसत उभी राहिली. उरली फक्त पेडलापासून येणारी वायर. बाइक पडल्यावर ती तुटली असणार. तुटलीच असणार! म्हणजे आपटण्याआधी दिवा लागत होता, आपटल्यावर बिघडला, आणि उपेंद्र तरीही खोटारडाच. ती देवाकडे चक्क तुटकी वायर मागत होती. पण बाइक डाव्या अंगावर पडली होती. उजव्या बाजूला ओरखडासुद्धा नव्हता, आणि वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिच्या बोटांखाली धडधाकट लागली.

पेडलाच्या वर अंगठ्याएवढा काळा स्विच होता. त्याच्या जोडणीतून तिनं वायर मोकळी केली, केसांतली पिन काढून सरळ केली आणि दोन टोकांमध्ये अडकवली. भिंत लाल झाली. पिन काढली, गेली. म्हणजे सगळं चांगलं होतं आणि फक्त हा स्विच मेला होता. कारच्या डिकीतून सुजीतची पान्यांची पेटी आणून तिनं तो काढला. वरची रबराची टोपी सोलल्यावर आत तपकिरी, चिकट काहीतरी साकळलेलं दिसलं. ग्रीस नव्हतं, ग्रीस असं बोटाला तारा धरत नाही. तिनं नाकाशी नेलं. खवट वास आला, ओळखीचा, डब्यात विसरलेल्या खोबऱ्याचा. आतली दांडी त्या चिकट्यात अर्ध्यावर अडकून बसली होती, आणि दांडीच्या कडेला, मुद्दाम पाचर मारावी तसा, तांदळाचा एक दाणा. दाणा लालसर होता.

दसऱ्याला तिनंच बाइकची पूजा केली होती. दरवर्षी करायची, कारची, बाइकची, अगदी ईश्वरीच्या लॅपटॉपचीसुद्धा. आदल्या वर्षी नारळ जमिनीवर फोडला तर डाग राहिला, बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटोसकट तक्रार आली आणि ओवेसला बिचाऱ्याला जमीन घासत बसावं लागलं. म्हणून या वेळी तिनं शक्कल लढवली. नारळ बाइकच्या उजव्या पायटेकणीच्या लोखंडावर आपटून फोडला. सुजीत ऑफिसच्या कपड्यांत घाईत उभा होता. तो म्हणाला, "शोभना, वर घरी फोड ना." ती म्हणाली, "गाडीची पूजा गाडीपाशीच होते." ईश्वरी मोबाइलवर शूट करत होती आणि "आई, दिस इज सो एक्स्ट्रा" म्हणत होती. पाणी पायटेकणीवरून, पेडलावरून, त्या सगळ्या काळ्या लोखंडी गुंत्यावरून ओघळलं. जमिनीवर जेमतेम चार थेंब पडले, याचाच तिला केवढा आनंद झाला होता. त्यावर तिनं हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. ओल्या पेडलावर त्या चिकटून राहिल्या, आणि तिला वाटलं होतं, बरं झालं, सुजीतचा पाय जिथे असतो तिथेच राहिल्या.

तिला रडू आलं नाही. रडू यावं म्हणून तिनं जरा वाटही पाहिली. आला तो रागच, आणि तो अजून उपेंद्रचाच होता. त्याला दुसरीकडे वळवायचं म्हटलं तर वळायला एकच जागा होती, आणि तिथे तो वळेना. इतके आठवडे तिनं हा राग रांधला होता. पाहुणे वेगळेच निघाले म्हणून शिजलेलं अन्न कुणी ओतून देत नाही. उपेंद्र खरं बोलला होता. बोलला असेल! दिवा लागला नाही, पण डोळे फुटले होते का त्याचे? समोर अख्खा माणूस हळू होतोय, वाळू दिसतेय, आणि हा दिव्याची वाट बघत बसला? अंतर ठेवायला काय झालं होतं? आणि खरं असलं म्हणून ते असं गावभर वाटत सुटायचं? मित्राची मांडी मोडली त्या दिवशी गप्प बसला असता तर याचं काय जळत होतं? ती स्वतःशी जितकी भांडली तितकी जिंकत गेली. शेवटी तिनं स्विच ओढणीच्या टोकात बांधला आणि वर गेली.

स्वयंपाकघरात तिनं पाणी कढत केलं, स्विच त्यात बुडवला, जुन्या टूथब्रशनं घासला. तपकिरी पाणी सिंकमधून खाली गेलं. हॉलमधून सुजीतनं विचारलं, "काय घासतेयस एवढं?" "तिळगुळाचं पातेलं," ती म्हणाली. टीव्हीवर मॅच चालू होती. हेअर ड्रायरनं तिनं स्विच वाळवला आणि बोटानं दांडी दाबून पाहिली. टिक. पुन्हा टिक. वर्षानुवर्षांनी तिची बोटं काहीतरी दुरुस्त झाल्याचा आवाज ऐकत होती, आणि त्या बोटांना, बाकी तिला काही का वाटेना, आनंद झाला. ओट्यावर तेवढा तो दाणा राहिला होता. कचऱ्याचा डबा तिनं पायानं उघडला, पण तो त्यात टाकायला तिचा हात धजेना. दुपारी सुजीत झोपल्यावर ती परत खाली गेली, स्विच जागच्या जागी बसवला, पेडल दाबलं आणि भिंत पाहून आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उपेंद्र आणि मिहिका आले. मिहिका काळी साडी नेसली होती, छान दिसत होती. शोभनानं तिला हळदकुंकू लावलं, वाण दिलं, उपेंद्रच्या हातावर तिळगुळाची वडी ठेवली. त्यानं वाकून नमस्कार केला. "वहिनी, तुमच्यासारखी वडी अख्ख्या यूएईत नाही." ती म्हणाली, "चला, खाली एक गंमत दाखवते." सुजीतनं कुबडी उचलली. "तू नको येऊस," ती म्हणाली. "येतो की," तो म्हणाला.

बेसमेंटमध्ये तिनं किल्ली फिरवली आणि लिव्हर आवळला. भिंत लाल झाली. उपेंद्रला लगेच समजलं, चेहऱ्यावरून दिसलं. तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, हा हाताचा झाला. सुजीत पायानं मारतो ना ब्रेक. तो बघायला लागेल." ती याच वाक्यासाठी कालपासून जगत होती. "अगंबाई, हो का? मग तुम्हीच दाबा ना. माझा पाय नाही पुरत." उपेंद्रनं नव्या बुटाचं टोक पेडलावर ठेवलं आणि दाबलं. भिंत लाल झाली. त्यानं मागे वळून पाहिलं, पाय उचलला, पुन्हा दाबला. पुन्हा, अगदी हळूहळू. मग धाडकन. प्रत्येक वेळी भिंत इमानानं लाल होत होती.

"बट यू सेड..." मिहिका म्हणाली. "उपेंद्र, तू सगळ्यांना सांगितलंस की लाइट बंद होता."

"मला नाही दिसला गं. मी बघत होतो. सुजीत, मी सरळ बघत होतो यार."

सुजीत कुबडीवर रेलून उभा होता. तो उपेंद्रकडे बघत नव्हता आणि शोभनाकडेही बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता. "शोभना, बॅटरी उतरेल. बंद कर आता," तो म्हणाला. एवढंच. उपेंद्रचं तोंड बारीक झालं. तो पुढे आला, त्यानं सुजीतचा मोकळा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "म्हणजे मीच केलं हे. माझं लक्ष नसणार. तुझा पाय माझ्यामुळे गेला आणि वर मी तुलाच... सॉरी यार. वहिनी, माफ करा मला." आणि तो रडायला लागला, मोठ्यानं, बेसमेंटमध्ये घुमेल असा. शोभनानं हे इतक्या वेळा पाहिलं होतं की आता खरं घडताना तिला फक्त तपशील नवे वाटले. त्याच्या शर्टावर तिळाचा एक दाणा लागलेला होता, आणि मिहिकानं उपेंद्रला हात लावला नाही. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. कानांत रक्त सळसळावं इतकं. ती म्हणाली, "चुकतं माणसाचं. ग्रुपवर तेवढं लिहून टाका म्हणजे झालं."

ते वर न येताच गेले. मिहिकाचं वाण टेबलावर राहिलं. ग्रुपवर खरंच आलं, लांबलचक, माफी मागणारं, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. शोभना गॅसपाशी उभी राहून ते वाचत होती. खिचडीला फोडणी देताना तिनं चक्क काहीतरी गुणगुणलंसुद्धा. ताटं घेऊन ती हॉलमध्ये आली तेव्हा सुजीत फोन हातात धरून बसला होता.

"उपेंद्र बाइक विकतोय," तो म्हणाला. "मला वेगळा मेसेज केलाय. म्हणतो, गाडीच काय, कारसुद्धा चालवायची भीती वाटतेय. स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही राहिला." त्यानं फोन पालथा ठेवला. तिनं खिचडीवर तूप वाढलं. सुजीतनं एक घास घेतला, नीट चावला, गिळला.

"तो तांदूळ कुठे टाकलास?" त्यानं विचारलं.

तिनं वर पाहिलं. तो रागावलेला नव्हता, नेहमीसारखाच दिसत होता. "दिवाळीतच मला कळलं होतं, पायाचा लागत नाही ते," तो म्हणाला. "टोपी काढून बघितली. दाणा दिसला, खोबऱ्याचा वास आला. तेव्हाच साफ केलं असतं तर तू विचारलं असतंस, काय झालं होतं. तू इतक्या हौसेनं केली होतीस पूजा. म्हटलं, राइडहून येऊ आणि तुझ्या नकळत करून टाकू."

आतल्या खोलीतून ईश्वरी ओरडली, "आई, इज देअर पापड?" बाल्कनीचं दार उघडं होतं आणि तिथून थंडगार वारा येत होता.

"तुळशीत," शोभना म्हणाली.

सुजीतनं मान हलवली. ती जागा त्याला बरोबर वाटली असावी. मग त्यानं फोन उचलला, उपेंद्रचा मेसेज पुन्हा एकदा वाचला, आणि उत्तर म्हणून नुसता एक अंगठा पाठवून तो खिचडी खायला लागला.